पीळ

तेमा बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
रात्री अकराला माझी पाळी सुरू होते.
एसिनामची हातगाडी तोवर येऊन गेलेली असते.
पाण्याच्या रिकाम्या पिशव्या, गोण्याच्या गोण्या,
बसथांब्यांवरच्या, शाळांच्या कुंपणांत अडकलेल्या.
प्रत्येकीचा एक कोपरा दातांनी फाडलेला,
प्रत्येकीच्या तळाशी घोटभर पाणी.

ते घोटभर पाणीच वैरी.
धुऊन, पिळूनही घडीत लपून राहतं,
मशीनच्या पोटात वाफ होतं
आणि दाण्यात बुडबुडा धरून बसतं.
जूनमधले आमचे दाणे लाह्यांसारखे हलके.
हरमटान सुटला की बरं :
तो वाळवंटी वारा ओठ फोडतो, टाचा फोडतो,
पण माझ्या पिशव्या फुकट वाळवून देतो.

लार्टे मालकांना दाणे हवेत. भराभर.
"आच वाढव," म्हणतात, "पातळ झालं की पळेल."
पळतं.
काट्यावर दोनशे चाळीस,
आणि शेडभर विझलेल्या मेणबत्तीचा वास.
त्या वासाला आम्ही कोणी काही म्हणत नाही.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात.
इथे उलटं आहे.
सुंभ शाबूत दिसतो, चकचकीत,
पीळ केव्हाच गेलेला.
लांब साखळ्या कुठे तुटतात,
कुठे एकमेकींत गुंतून गाठी होतात,
आणि वरून सगळं काळं, एकसारखं.
काळा रंग घालतोच आम्ही. तीट लावावी तसा.
उन्हाची दृष्ट तो काढतो, खोटं कशाला बोलू,
पण आतून भाजलेल्याला तीट काय करणार?

कोपऱ्यात एक पिंप आहे, पांढऱ्या पावडरीचं.
हजाराला दोन, एवढीच लागते.
आच आली की ती आधी स्वतःला जाळून घेते,
म्हणून बाकीचं वाचतं.
"महाग आहे," मालक म्हणाले, "हे पिंप नाताळपर्यंत पुरवा."
ओकाईने चमचा बदलला. लहान आणला.
त्याच आठवड्यात कोणीतरी बाटल्यांची टोपणं ओतली गोणीत.
वितळलेल्यात दोघं जावांसारखी हसून बोलतात,
गार झाली की पापुद्रा सुटतो.
सांधणारं द्रव्य मिळतं म्हणे. आम्ही ते पाहिलेलं नाही.

मार्चमध्ये देदेईमावशीची बादली फुटली.
केंकेची कणसाळ पानं भिजवायला पाणी नेत होती.
कान उपटून आला, कडी हातात राहिली,
पाणी पायांवर, गल्लीभर.
"माझंच चुकलं," ती म्हणाली, "काठोकाठ भरली होती."
मी बादली उलटी केली.
बुडावर आमचा शिक्का होता,
शिक्क्याखाली तारीख, तारखेखाली पाळी. रात्रीची.
मी बोलले नाही.
तुकडे गोळा करायला तिला मदत केली फक्त,
आणि म्हटलं, मी नेते, आमच्याकडे चालतात.

त्या रात्री आच एकशे नव्वदला आणली.
गती अर्ध्यावर.
जाळी दोनदा बदलली,
टोपणं एकेक वेचून काढली, नखं दुखेपर्यंत.
आणि चमचा, तो मोठा,
ओकाईच्या खणातून, न विचारता.
बादलीचे तुकडे सगळ्यात शेवटी टाकले, थोडेच,
चांगल्या मालात जिरतील इतके.

पावडर गेलेला पीळ परत आणत नाही.
उरलेला राखते, एवढंच.
हे मला कोणी शिकवलं नाही.
पाण्याच्या हौदातून धागा बाहेर येताना
बोटांना कळतं,
तो वाकतो की नुसता ऐकल्यासारखं करतो.

पहाटे मालक आले. गोण्या मोजल्या.
"अकराच?"
"मशीन अडलं होतं."
ओकाई माझ्याकडे पाहत होता. खण उघडाच होता.
मी हौदातून वीतभर धागा तोडला,
गाठ मारली,
ओढली. पुन्हा ओढली.
मग त्याच्या हातात दिली, ओढायला.